कुठली बाई?

प्रिय बाय,

तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण परवा रात्री वाचलं. लाईट गेले होते, टॉर्चवर वाचलं. पहिलीच ओळ, 'कोकणातील मच्छीमार स्त्री ही परंपरेची आणि दारिद्र्याची बळी आहे.' समासात पेन्सिलीनं लिहिलंय, कुठली बाई? पुढे आणखी सहा ठिकाणी तेच लिहिलंय. रागावू नकोस. किंवा रागाव.

फोनवर म्हणालीस, "बाई, गाइड सांगतात आधी थिअरी लावा, आणि हर्णै बंदरातल्या मासळीवाल्या बायका थिअरीत बसत नाहीत." अगं, मग ती थिअरी नीट वाच तरी! स्त्रीवादी विचारवंत चंद्रा तळपदे मोहंतींचं नाव तुझ्या संदर्भसूचीत आहे, मजकुरात त्यांचा मागमूस नाही. १९८४चा त्यांचा निबंध, 'अंडर वेस्टर्न आइज'. पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखिका 'तिसऱ्या जगातली स्त्री' म्हणून एकच बाई उभी करतात, गरीब, अडाणी, रूढींनी बांधलेली. आणि तिच्या शेजारी त्या स्वतः आपोआप शिकलेल्या नि मोकळ्या ठरतात. एवढं नेट-सेटवाल्या सगळ्या पोरींना पाठ असतं. पण त्याच निबंधात त्या हेही म्हणतात की आशिया-आफ्रिकेतले शहरी मध्यमवर्गीय अभ्यासक आपल्याच खेड्यातल्या, कष्टकरी बायांवर लिहिताना स्वतःचं जगणं मोजपट्टी धरतात. तिथे तू आलीस. मीही आले.

बरं, मोहंती नुसत्या झोडपत सुटत नाहीत. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवरचा जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचा अभ्यास त्या वाखाणतात. या बाया 'गृहिणी' आणि लेस म्हणजे फावल्या वेळातला उद्योग, असं गावानं धरलेलं. लेस मात्र जगाच्या बाजारात जाणारी. पिळवणूक नेमकी कुठे होते नि बाया तिला कुठे अडवतात, हे त्या एका गावापुरतं दाखवलंय. तेवढंच हवंय मला तुझ्याकडून. कुठली बाई?

माझा प्रबंध वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यातल्या बायांवर. बिया फोडायला बसणारी एक होती. टरफलाच्या तेलानं कातडी सोलवटते म्हणून हातांना राख चोळायची. रोजचं वजन ती वहीत रेघांनी मांडायची. अक्षर येत नव्हतं. एका शनिवारी मुकादमाचा आकडा नि तिच्या रेघा जुळेनात. तिनं वही पुढे सरकवली आणि हात मांडीवर ठेवून बसली. बघता बघता सगळी ओळ तशीच बसली. मी तिथेच होते.

माझ्या प्रबंधात तिची बोटं आहेत, दीड पान. वही नाही.

वही चौकटीत बसत नव्हती, दुसरं काय. माझी नोकरी कायम व्हायची होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि परीक्षकांना 'असहाय' हा शब्द फार आवडायचा. तू काय केलं असतंस? दोन वर्षं आणखी घालवली असतीस? माझ्याकडे नव्हती गं. तुझ्याकडे फेलोशिप आहे, म्हणून तुझ्यावर चिडते.

तर पान ४१, मासळीचा लिलाव. 'लिलावात स्त्रिया हतबल उभ्या असतात.' कुठल्या? बोली लावणारी की तिच्या मागे रिकामी पाटी घेऊन थांबलेली? घरची होडी असलेली की खलाशाची बायको? मालवणची गाबीत, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याची दालदी मुसलमान आणि हर्णैची कोळीण तू एकाच वाक्यात घातल्यास. त्या एका टेम्पोत बसतील, एका वाक्यात नाही.

"मग सगळ्या वेगळ्याच, तर एकत्र येणार कशा?" असं विचारलंस. बरोबर विचारलंस. मोहंतींनाही लोकांनी असंच वाचलं. २००३ साली त्या त्याच निबंधाकडे परत आल्या आणि म्हणाल्या, एकजूट अशक्य आहे असं मला कधीच म्हणायचं नव्हतं. जागतिक भांडवल या सगळ्या बायांना कसं एका दावणीला बांधतं, तिकडे त्यांनी बोट दाखवलं. तुझ्यापुरतं ते असं, की हर्णैची कोळंबी जाते कुठे, तिचा भाव ठरवतो कोण, आणि तिची सालं कुणाच्या नखात अडकतात. पण आधी कुठली बाई ते सांग.

शनिवारी दुपारच्या एसटीनं हर्णैला ये. लिलाव संध्याकाळी. रबरी चपला घाल, प्रकरण दुसरं घरी ठेव. माझा प्रबंध मागितला होतास, आणते. दीड पानाच्या जागी खूण घातली आहे.

तुझी,
बाई