चर्चेतली मिनिटं कोण मोजणार?

प्रश्न : मराठी वृत्तवाहिनीवरच्या चर्चेत एका बाजूचे तीन प्रवक्ते आणि समोर एकच. हे कायद्यात बसतं का? (सांगली)

बसतं. खासगी वाहिनीने सगळ्या पक्षांना सारखा वेळ द्यावा, असा नियम आपल्याकडे नाही. १९९५ च्या केबल कायद्याखालची कार्यक्रम संहिता बदनामी, अर्धसत्य, धर्मांवरचे हल्ले यांना मनाई करते. समतोलाचं बंधन घालत नाही. निःपक्षपातीपणाचं तत्त्व वाहिन्यांच्या संघटनेने स्वतःच्या आचारसंहितेत घातलं आहे. त्याच्या आधारे वाहिनीकडे लेखी तक्रार करा. केबल कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीला पंधरा दिवसांत निकाल कळवावा लागतो. पटला नाही तर वाहिन्यांच्याच स्वनियमन संस्थेकडे जाता येतं.

फक्त डोकी मोजू नका. मी एकदा वही-घड्याळ घेऊन बसलो होतो. दोन्हीकडे दोन-दोन माणसं होती, पण एकाला सलग चार मिनिटं बोलू दिलं आणि दुसऱ्याचा माइक अर्ध्या मिनिटात बंद केला. तक्रारीत तारीख, वेळ आणि अशी मिनिटं लिहा.

प्रश्न : आमच्याकडे प्रचार थांबला, तरी टीव्हीवर सभा सुरूच. कशी? (नागपूर)

मतदान संपण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांची प्रचारबंदी मतदान असलेल्या मतदारसंघापुरती असते. २०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात पाच टप्प्यांत झाली. एका टप्प्याची शांतता आणि दुसऱ्या टप्प्याची सभा एकाच पडद्यावर येत होती. ही पळवाट बुजवायलाच हवी.

प्रश्न : दूरदर्शनवर पक्षांना वेळ कसा मिळतो? (पणजी)

ही योजना १९९८ पासूनची. मान्यताप्राप्त पक्षांना ठरावीक वेळ सारखा, उरलेला मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात. कोणाची पाळी कधी, हे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून ठरतं. अपक्षांना यात जागा नाही. इथवर व्यवस्था बरी आहे.

पण भाषणाची संहिता आधी तपासून घ्यावी लागते. मे २०२४ मध्ये माकपचे नेते सीताराम येचुरींच्या भाषणातून सत्ताधाऱ्यांवर टीका करणारे काही शब्द काढायला लावले गेले. विरोधी पक्षाने सरकारवर कडक शब्दांत टीका करायची नाही, तर ही मिनिटं द्यायची कशाला?

प्रश्न : मग सरकारनेच समतोलाचा कायदा का करू नये? (नाशिक)

अमेरिकेत असा नियम १९४९ ते १९८७ होता. प्रसारणाच्या लहरी मोजक्या, म्हणून परवानाधारकाने दुसरी बाजूही दाखवावी, हा त्यामागचा विचार. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढे वाहिन्या वाढल्या आणि प्रसारण आयोगानेच तो रद्द केला.

समतोल मलाही हवा आहे, पण तराजू मंत्रालयाच्या हाती नको. ज्याच्यावर टीका व्हायची, त्यानेच ती मोजायची हे चालणार नाही. ब्रिटनमध्ये हे काम ऑफकॉम ही स्वतंत्र संस्था करते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात, न्या. पी. बी. सावंत यांच्या लेखणीतून, लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं सांगून स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं होतं. आज २०२१ च्या नियमांतली तक्रारीची शेवटची पायरी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच दारात जाते.