मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका

वडील ७२ वर्षांचे, तिन्हीसांजेला पाखाडी उतरताना पायरी चुकते, औषधाच्या बाटलीवरचं वाचायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, आणि वाडीतले म्हणतात "पिकू दे, मग काढू", असं तुम्ही लिहिलंय. पिकू देऊ नका. पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, फेकोने, म्हणजे बारीक छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडायच्या पद्धतीने, काढायला जास्त जोर लागतो आणि कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, सूज येते. अशा वेळी बरेच सर्जन सहा-सात मिलिमीटरचा छेद घेऊन, बिनटाक्याची शस्त्रक्रिया (एसआयसीएस) करतात. तीही चांगलीच शस्त्रक्रिया आहे, कमी समजू नका. पण अति पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

वेळ भातकापणीनंतरची धरा. लावणीच्या चिखलात किंवा भाजावळीच्या धुरात ताजा डोळा नको.

तपासणीत डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) आणि डोळ्याचा दाब बघायला सांगा. पडदाच खराब असेल तर भिंग बदलून फारसा फरक पडत नाही. साखर आणि बीपी आधी आटोक्यात हवं. लघवीसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, अगदी पूर्वी घेतलेलं असलं तरी, सर्जनला आधीच सांगा. त्याने बाहुली नीट मोठी होत नाही. नाकाकडून बुबुळावर मांस वाढलं असेल तर भिंगाचा नंबर मोजताना चूक होते, तेही विचारा.

भिंग साधं मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं, लांबचा नंबर धरून घ्या. वाचायला चष्मा लागेल, पण बांध आणि पायरी स्वच्छ दिसेल. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकलमुळे रात्री दिव्याभोवती वलयं दिसू शकतात; बॅटरी घेऊन फिरणाऱ्या माणसाला ती नकोत. सरकारी रुग्णालयात मोनोफोकल भिंगासह शस्त्रक्रिया मोफत होते.

खरी कसोटी नंतरच्या महिना-दीड महिन्याची. थेंब घालणारं माणूस एकच ठरवा. हात धुवून खालची पापणी ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी. डोळा लाल नाही म्हणून स्टेरॉइडचे थेंब मध्येच बंद करू नका, ते सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचे. आंघोळ गळ्याखालून. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत गोठा, चूल, फवारणी आणि भारा उचलणं बंद. मोकळं बसणं त्यांना जड जाईल, तरी ऐकू नका.

काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसलं तर बहुतेक वेळा भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते. लेझरने काही मिनिटांत साफ होते.

मात्र पहिल्या आठवडा-पंधरवड्यात दुखणं वाढलं, डोळा लाल झाला आणि नजर उतरली, तर सकाळच्या एसटीसाठी थांबू नका. त्याच रात्री गाडी करून निघा.