वाचकांचे प्रश्न : क्यूब उत्तीर्ण, मग स्लॅबला तडा का?

प्रश्न : आमच्या स्लॅबच्या एम २५ काँक्रीटचे क्यूब (त्याच काँक्रीटचे ओतलेले नमुना-ठोकळे) तपासणीत उत्तीर्ण झाले होते, तरी वर्षभरात खालच्या बाजूस केसासारखे तडे दिसू लागले. तपासणी चुकली का? काँक्रीट ताणून तपासत नाहीत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तेवढ्यावरून तपासणी चुकली असे म्हणता येत नाही, कारण क्यूब दाबून फोडतात आणि तडा ताणाने पडतो. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना हे नवे नाही. बीडही (ओतीव लोखंड) दाब सोसते, ताण तेवढा सोसत नाही. काँक्रीटची ताणशक्ती तर दाबशक्तीच्या साधारण एक दशांशच असते. एम २५ चा, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणाऱ्या काँक्रीटचा, १५० मिलिमीटरचा क्यूब सुमारे ५७ टन पेलतो. त्याच काँक्रीटची तेवढ्याच जाडी-रुंदीची तुळई ६०० मिलिमीटर अंतरावरील दोन टेकूंवर ठेवून वरून दोन ठिकाणी भार दिला, तर ती दोन टनांच्या आसपास मोडते.

दोन्ही टोकांना धरून सरळ ओढण्याची चाचणी करता येते, पण ओढ जरा तिरकी झाली किंवा नमुना पकडीपाशीच तुटला, की आकडा निरुपयोगी ठरतो. म्हणून १५० मिलिमीटर व्यासाचा, ३०० मिलिमीटर लांबीचा सिलिंडर आडवा ठेवून वरून दाबतात. आत आडवा ताण निर्माण होऊन तो उभा दुभंगतो. ब्राझीलचे अभियंते लोबो कार्नेरो यांनी १९४३ मध्ये मांडलेली ही पद्धत आपल्याकडे आधी आयएस ५८१६ या भारतीय मानकात होती, २०२१ पासून ती आयएस ५१६ मध्ये आहे.

या चाचण्या किती भाराला तुटले एवढेच सांगतात; तडा वाढतो कसा, हे पाहण्यासाठी तुळईला खालून खाच पाडतात आणि भार वाढवत नेण्याऐवजी खाचेचे तोंड अगदी संथ गतीने उघडेल असे यंत्र चालवतात. साध्या यंत्रावर ती तुळई कडाडून मोडते आणि पाहायला काही उरत नाही. संथ चाचणीत मात्र खडी आणि सिमेंटच्या सांध्यावर सूक्ष्म भेगा पडतात, त्या जुळतात, तरी खडीचे दाणे दोन्ही काठांना काही काळ धरून ठेवतात, त्यामुळे भार एकदम शून्यावर न येता उतरत जातो. स्वीडनचे संशोधक हिलरबोर्ग यांनी १९७६ मध्ये या उताराचेच गणित मांडले.

आपल्या स्लॅबच्या आराखड्यात ताण सळईनेच घ्यायचा असे धरलेले असते, त्यामुळे बारीक तडे अपेक्षितच असतात. आयएस ४५६ मध्ये सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर, तर सतत ओलाव्यात राहणाऱ्या भागासाठी ०.२ मिलिमीटर आहे. तडा याहून रुंद असेल, किंवा सळईच्या रेषेत जाऊन त्यातून गंजाचे डाग उतरत असतील, तर पावसाळ्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावा.