एक नग कुत्रा

"ताई, आमचा परस्परसंमतीने घटस्फोट चालू आहे. अकरा वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. आता भांडायलाही काही उरलेलं नाही. फ्लॅटचं, कर्जाचं, दागिन्यांचं सगळं ठरलं. अडलंय ते लाडूवर. लाडू आमचा लॅब्राडोर, साडेआठ वर्षांचा. त्याला आणला तेव्हा पैसे नवऱ्याने भरले, पावती त्याच्या नावावर. महापालिकेचा परवाना आणि लशींचं कार्ड माझ्या नावावर, कारण ती कामं कायम मीच केली. आता मी डोंबिवलीत भाड्याने राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नोकरीचे नि लोकलचे मिळून अकरा तास बाहेर जातात. नवऱ्याने लाडूला वाईला आईवडिलांकडे नेऊन ठेवलाय. परवा त्याच्या वकिलांकडून सामानाची यादी आली. सोळा नंबरला वॉशिंग मशीन, सतराला 'कुत्रा (लॅब्राडोर), 1 नग', अठराला गॅसची शेगडी. यादी हातात धरून मी रडले. माझ्या वकीलबाई म्हणतात, वस्तू म्हणूनच मागा, परवाना तुमच्या नावावर आहे, बाजू चांगली आहे. ज्याला आठ वर्षं बाळ म्हटलं त्याला कोर्टात वस्तू म्हणू? मुलासारखा ताबा मागता येत नाही का? मैत्रीण म्हणते, सरळ वाईला जा आणि गाडीत घालून आण. त्याचे खुबे दुखतात, सकाळी खाणं झाल्यावर गोळी लागते. तिथे कोण देत असेल?
– लाडूची आई"

लाडूच्या आई, पत्रावरून तू माझ्यापेक्षा बरीच लहान दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

त्या '1 नग'वर मीही अडखळले. नग म्हणजे दागिना, पातेलं, फार तर टेबलफॅन. (वात्रट पोराला "काय नग आहे!" म्हणतो, त्या अर्थाने लाडू नग असेलही.) पण त्या वकिलांवर फार चिडू नकोस. त्यांनी लाडूचा अपमान केला नाही. कायद्यात जो रकाना आहे तो भरला. आपल्या कायद्याच्या लेखी पाळलेला कुत्रा ही जंगम मालमत्ता. शेगडीही जंगम मालमत्ता. म्हणून दोघे शेजारी आले.

मुलाच्या ताब्याचं तू विचारलंस. मुलाचा प्रश्न आला की कोर्ट आधी मुलाचं हित बघतं. त्यासाठी 1890 सालापासूनचा पालकत्वाचा कायदा आहे, शिवाय हिंदू विवाह कायद्यात तरतूद आहे. कुत्र्याच्या हितासाठी अशी एक ओळही कुठल्या विवाह कायद्यात नाही. तेव्हा 'लाडूचा ताबा' असा अर्ज केलास, तर न्यायाधीश मनाने कितीही हळवे असले तरी त्यांच्या हातात कलम नाही. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये हे चांगलं स्पष्ट केलंय. खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मोटरसायकलखाली कुत्रा गेला होता आणि पोलिसांनी त्या मुलाला माणसाला धोका पोचवण्याची कलमं लावली होती. कोर्टाने गुन्हा रद्द केला. मालक कुत्र्यामांजरांना मूल मानतात यात शंका नाही, पण ती माणसं नव्हेत हे साधं जीवशास्त्र आहे, असं खंडपीठाने म्हटलं. कुत्र्यावर जीव लावणाऱ्याच्या बाजूने वाचलं तर हे वाक्य झोंबतं. पण त्या विद्यार्थ्याच्या आईच्या बाजूनेही वाचून बघ.

म्हणून कायदा अगदीच दगड आहे असंही नाही. 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा सांभाळणाऱ्यावर प्राण्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकतो. शेगडीच्या सुस्थितीची जबाबदारी कुणावर नाही. दंड मात्र त्याच जमान्यातला, पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. एवढ्यात डोंबिवली स्टेशनवर दोन वडापाव येतील. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू (तामिळनाडूतला बैलाला झोंबायचा खेळ) आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा प्राण्याला स्वतःचं मोल आणि प्रतिष्ठा असते, असं निकालात लिहिलं. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालय त्याच्याही पुढे गेलं. सगळ्या प्राण्यांना कायदेशीर व्यक्तित्व आहे आणि राज्यातला प्रत्येक नागरिक त्यांच्या पालकाच्या जागी आहे, म्हणालं. ऐकायला फार गोड, पण तुझ्या सतराव्या ओळीवर त्याने फरक पडत नाही. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी शर्यतींसाठी राज्यांनी त्या 1960 च्या कायद्यात केलेल्या दुरुस्त्या वैध ठरवल्या, आपली महाराष्ट्राचीही त्यात आली, आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं मानायला आधार नाही, हेही सांगून टाकलं. थोडक्यात, पोळ्याला पुरणपोळी आणि एरवी चाबूक, हा आपला जुना हिशेब कोर्टातही चालूच आहे.

बाहेर कुठे काय चाललंय म्हणशील तर, स्पेनमध्ये 2022 पासून घटस्फोटात प्राण्याचं हित बघून तो कुणाकडे राहणार हे न्यायाधीश ठरवतात. कॅलिफोर्नियात 2019 पासून ठरवता येतं. आपल्याकडे ते कधी येईल तेव्हा येवो, लाडू साडेआठ वर्षांचा आहे. त्याला वाट बघायला वेळ नाही.

आता 'वस्तू' म्हणण्याच्या लाजेबद्दल. माझ्या आजोळी दुभती जनावरं होती. म्हैस विकायची वेळ आली की आजोबा बाजारात चोख भाव करायचे. दात दाखवायचे, सड दाखवायचे, शंभर रुपयांसाठी तासभर हुज्जत घालायचे. व्यवहार झाला की मात्र तिच्या गळ्यातलं दावं सोडून घ्यायचे, गिऱ्हाइकाने आपलं आणायचं. ते दावं गोठ्यात त्याच खुंटीला लटकायचं आणि आजी दोन दिवस त्या बाजूला फिरकायची नाही. त्या घरात म्हैस माल होती आणि माणूसही होती. आपण जनावरांना 'पशुधन' म्हणतो, पोटच्या पोरालाही धन म्हणतो, आणि दोन्ही वेळा खोटं बोलत नाही. कोर्टातली भाषा ही बाजारातल्या भाषेसारखी असते, काम झालं की तिथेच ठेवून यायची. लाडूला मराठी येत असली तरी वकिली मराठी येत नाही. तुझ्या वकीलबाई बरोबर सांगतायत.

आणि वस्तूच्या कायद्यात तुझ्या कामाची एक फट आहे. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात अशी सोय आहे की, आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि पैशाने तिची भरपाई होणार नसेल, तर कोर्ट "किंमत घे आणि गप्प बस" न म्हणता तीच वस्तू परत द्यायला लावू शकतं. साडेआठ वर्षं पायाशी झोपलेल्या कुत्र्याची किंमत कोण आणि कशी लावणार? फक्त मालकी सिद्ध करावी लागते, आणि तिथे पावती विरुद्ध परवाना असा सामना आहे. पावती एका दिवसाची असते. परवाना, लशींचं कार्ड, डॉक्टरांची बिलं, खाद्याचे ऑनलाइन भरलेले पैसे हे आठ वर्षांचं आहे. सगळं एका फायलीत लाव. पण खरं सांगते, निकाल कुठेही झुकू शकतो, आणि लागेपर्यंत लाडू म्हातारा होईल.

खर्चाचा मुद्दा मात्र हक्काने मांड. 2023 मध्ये वांद्र्याच्या दंडाधिकारी न्यायालयात एका पंचावन्न वर्षांच्या बाईंनी कौटुंबिक हिंसाचाराच्या खटल्यात पोटगी मागताना तीन रॉटवायलर कुत्रे आपल्यावर अवलंबून आहेत असं सांगितलं. नवऱ्याने हरकत घेतली. कोर्टाने ऐकलं नाही. पाळीव प्राणी हाही सभ्य राहणीमानाचा भाग आहे, तुटलेल्या नात्यांनी पडलेली पोकळी ते भरून काढतात, असं म्हणून महिना 50,000 रुपये अंतरिम पोटगी दिली. दंडाधिकाऱ्यांचा अंतरिम आदेश दुसऱ्या कोर्टावर बंधनकारक नसतो. पण बोलणी करताना दाखवायला कामाचा आहे.

मैत्रिणीचं ऐकू नकोस. कुत्रा वस्तू आहे म्हटल्यावर न विचारता उचलून नेला तर उद्या चोरीची तक्रार होऊ शकते, आणि आत्तापर्यंत सुरळीत चाललेल्या घटस्फोटात पोलीस ठाणं येईल. शिवाय खुबे दुखणाऱ्या कुत्र्याला अनोळखी गाडीत कोंबून पाच तासांचा प्रवास.

आता जे विचारते ते तुला आवडणार नाही. तिसऱ्या मजल्यावर लाडू चढणार कसा? लॅब्राडोर म्हणजे तीस किलोच्या आसपास. सकाळ-संध्याकाळ नि रात्री, दिवसाला तीन वेळा त्याला उचलून नेणार आहेस? तू अकरा तास बाहेर. तो बंद खोलीत दाराकडे तोंड करून बसणार. वाईच्या घराबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. अंगण आहे का, जिना आहे का, सासूबाई त्याच्याशी कशा आहेत, काहीच नाही. जी बाई गोळीची वेळसुद्धा लिहिते, ती एवढं विसरेल असं मला वाटत नाही. तिथे त्याचं बरं चाललंय, हे तुला दिसत असावं आणि तेच सहन होत नसावं. चुकत असेन तर कान धर.

स्पेनचा न्यायाधीश जो प्रश्न विचारेल तो इथे कुणी विचारणार नाही, म्हणून तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारायचा. वाईत त्याचं चांगलं नसेल तर खुशाल लढ, तळमजल्यावरची खोली शोध, मी तुझ्या बाजूने आहे. चांगलं असेल तर यादीतली सतरावी ओळ काढायला सांग आणि कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात, लाडूचा वेगळा परिच्छेद घाल. परस्परसंमतीने होत असल्यामुळे ही मुभा तुमच्या हातात आहे. दोघांनी सही करून कोर्टात दाखल केलं आणि हुकमात आलं की ते नुसतं तोंडी वचन राहत नाही. तो कुठे राहील, खर्च कसा वाटायचा, तू कधी जाणार, सुट्टीत तुझ्याकडे येईल का, एवढं लिहा. आणि ज्यावरून लोकांची पुढे भांडणं होतात तेही लिहा. सासूसासऱ्यांना झेपेनासं झालं तर तिसऱ्या कुणाला देण्याआधी तुला विचारायचं. ऑपरेशनचा निर्णय दोघांचा. शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर तुला आधी फोन, आणि तू पोचेपर्यंत, डॉक्टरांच्या मते त्याला त्रास होणार नसेल तर, थांबायचं. लिहिताना हात थरथरेल, तरी लिही.

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्यावर दुसऱ्या तारखेपर्यंत साधारण सहा महिने मिळतात, कोर्टाने सूट दिली नाही तर. तेवढ्या काळात ही व्यवस्था चालवून बघा. महिन्यातून एक शनिवार-रविवार तू वाईला जा, लाडूला डोंबिवलीला आणू नकोस. पहिल्या वेळी तो तुझ्यामागे फाटकापर्यंत येईल आणि परतताना तुझं वाईट होईल. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो फाटकापर्यंत येऊन मागे वळला, तर काय करायचं ते तुझं तुला कळेल.

ता. क. – गोळी कोण देत असेल, हे मला विचारलंस. सासूबाईंना विचारलंस का? डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आणि "खाणं झाल्यावर, रिकाम्या पोटी नको" एवढं आजच त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाक. वकिलांना मध्ये घालू नकोस.