नऊ वेळा ‘का?’: चाळिशीनंतर मानसशास्त्राकडे वळताना

सुनील ४१ वर्षांचे. मेकॅनिकल इंजिनिअर, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात १७ वर्षं नोकरी. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सल्ल्यासाठी आमच्याकडे आले तेव्हा पहिल्या भेटीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “एम.ए. सायकॉलॉजी करायचंय. या वयात उशीर झालाय का?”

लाइनवरची पोरं जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे येऊन बसतात. कुणाचं घरी भांडण, कुणाची दारू, कुणाचं कर्ज. “सर, तुम्ही ऐकून घेता,” असं एक जण म्हणाला आणि ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं. त्यांनी आणलेल्या फोल्डरमध्ये योजना तयार होती: दूरशिक्षणाने एम.ए., दोन वर्षं नोकरी चालू, मग राजीनामा आणि कॉलेज रोडला स्वतःचं क्लिनिक.

वयाचं उत्तर सोपं आहे. एम.ए.च्या प्रवेशाला कमाल वयाची अट नसते आणि केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी पीजी या प्रवेशपरीक्षेलाही नाही. काही विद्यापीठं कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेतात, काही बी.ए.ला मानसशास्त्र असण्याची अट घालतात. ती अट अर्ज भरण्याआधी वाचायची. सुनील यांची अडचण वय नव्हतीच. फोल्डरमधली योजना दोन ठिकाणी मोडत होती.

पहिली मोड दूरशिक्षणाची. सहबद्ध आरोग्य व्यवसायांच्या (डॉक्टर-परिचारिका सोडून इतर आरोग्यसेवांच्या) २०२१ च्या कायद्यात जे विषय येतात, ते दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे आणि त्यात मानसशास्त्राचं नाव स्पष्ट आहे. नोकरी सांभाळून एम.ए. करणाऱ्यांचा सगळ्यात वापरातला रस्ता त्यामुळे नव्या प्रवेशांसाठी बंद झाला. तरीही ‘घरबसल्या सायकॉलॉजिस्ट व्हा’ अशा जाहिराती फिरतात. पंधरा दिवसांच्या सर्टिफिकेटने वाचनाची गोडी लागेल, व्यवसाय करता येणार नाही. एम.ए. म्हणजे आता नियमित कॉलेज, ७५ टक्के हजेरी. महाराष्ट्रातल्या नव्या रचनेत दोन वर्षांत चार सत्रं: पहिल्यात संशोधन पद्धती, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग, शेवटच्या दोन सत्रांत रिसर्च प्रोजेक्ट. हे शनिवार-रविवारी उरकण्यासारखं नाही.

दुसरी मोड ‘क्लिनिक’ या शब्दात होती. नुसत्या एम.ए.वर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि परिषदेच्या रजिस्टरमध्ये नोंदणी लागते. ते प्रशिक्षण वर्षानुवर्षं दोन वर्षांचं एम.फिल. होतं. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद होत असल्याने या विषयापुरती त्याला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली गेली. म्हणून आजच्या घडीला कोणता अभ्यासक्रम मान्य आहे, हे प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर बघायचं. ओळखीतल्या ताईने पाच वर्षांपूर्वी काय केलं, त्यावर जायचं नाही. एम.ए.नंतर शाळा, कॉलेज, सामाजिक संस्था, कंपन्यांचे कर्मचारी-साहाय्य कार्यक्रम इथे समुपदेशक म्हणून काम मिळतं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितल्यापासून शाळांकडून विचारणा होऊ लागली आहे. सुनील यांच्यासाठी औद्योगिक मानसशास्त्र, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास, हा आणखी जवळचा रस्ता होता, कारण शॉप फ्लोअर त्यांना आतून माहीत आहे.

हे सगळं ऐकून ते जरा खट्टू झाले. पण रस्ते सांगून भागत नाही. माणूस नव्या कामाकडे निघालाय की जुन्या कामाला विटलाय, हे आधी कळायला हवं. दोन्ही एकदम असू शकतं, पण नुसता वीटच असेल तर तो विभाग किंवा साहेब बदलूनही जातो आणि त्यासाठी दोन वर्षं खर्ची घालायची गरज नसते. म्हणून त्यांना आधी दोन कामं दिली.

पहिलं काम वीस मिनिटांचं. एका प्रशिक्षणार्थीने क्लायंटची भूमिका घेतली: बढती हुकलेला, झोप उडालेला तरुण. सुनील यांनी फक्त ऐकायचं. संमतीने रेकॉर्डिंग केलं आणि मग ते त्यांनीच ऐकून मोजायचं ठरलं. त्यांनी क्वालिटीवाल्याच्या सवयीने चेकशीट आखली, उभ्या रेघा मारल्या. सल्ले: ११. ‘का?’ने केलेले प्रश्न: ९. समोरच्याचं वाक्य मध्येच तोडणं: ६. पाच सेकंदांहून जास्त शांतता: शून्य.

नऊ ‘का’ कुठून आले, ते त्यांनीच ओळखलं. कारखान्यात रिजेक्शन आलं की व्हाय-व्हाय ॲनालिसिस करतात: पाच वेळा ‘का’ विचारत मुळाशी जायचं. यंत्राच्या बाबतीत ते चोख चालतं, कारण यंत्राला आपला बचाव करायचा नसतो. माणसाला ‘झोप का येत नाही?’ म्हटलं की त्याला जाब विचारल्यासारखं वाटतं आणि तो कारणं जुळवायला लागतो. तिसऱ्या ‘का’नंतर त्या तरुणाची उत्तरं एकेका शब्दावर आली होती, रेकॉर्डिंगमध्ये ते स्वच्छ ऐकू येत होतं. त्याऐवजी ‘रात्री अंथरुणावर पडल्यावर काय काय होतं?’ असं विचारलं तर माणूस प्रसंग सांगतो आणि प्रसंगात कारण आपोआप येतं. इंजिनिअर, वकील, शिक्षक, पोलीस या क्षेत्रांतून येणाऱ्यांना हे हमखास नडतं. जुन्या कामात ज्या सवयीने नाव कमावलं, तीच इथे आधी बाजूला ठेवावी लागते. उलट, स्टॅटिस्टिक्सला सगळे घाबरतात तिथे सुनील निवांत होते. स्टँडर्ड डेव्हिएशन आणि नॉर्मल कर्व्ह ही त्यांची रोजची भाकरी. त्यांना अकरावी-बारावीची एनसीईआरटीची मानसशास्त्राची पुस्तकं आधी वाचायला सांगितली. ती इंटरनेटवर फुकट मिळतात आणि विषयाची भाषा तिथेच पक्की होते. सीयूईटीत चुकलेल्या उत्तराला एक गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजपंचे खुणा करून चालत नाही.

दुसरं काम बारा आठवड्यांचं: दर रविवारी दोन तास एका वृद्धाश्रमात जाऊन बसायचं. शिकवायचं नाही, कार्यक्रम करायचे नाहीत. पाचव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “त्या आजी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतायत. मी काय करू?” या कामातला मोठा भाग हाच आहे, तेच तेच ऐकणं. त्यांना इतकंच सांगितलं की तिसऱ्या वेळी गोष्टीत काय बदललं, ते घरी जाऊन लिहा. पुढच्या रविवारी त्यांनी लिहिलं होतं: ‘या वेळी धाकट्या मुलाचं नाव घेतलं नाही.’ बारा आठवडे त्यांनी पूर्ण केले. एकही रविवार चुकला नाही, ही गोष्ट आम्हाला कुठल्याही ॲप्टिट्यूड टेस्टपेक्षा जास्त सांगून गेली.

मग पैसे. या भेटीला पत्नीला बोलावलं. त्या शिक्षिका आहेत. हा हिशेब एकट्याने मांडायचा नसतो, कारण भार दोघांवर पडतो.

दोघांचा घरी येणारा पगार ४६,००० आणि ५४,०००. घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि मुलाची शिकवणी धरून महिन्याला ७०,४००. सुनील यांचा पगार थांबला की दरमहा १६,४०० ची तूट, दोन वर्षांत ३,९३,६००. फी, पुस्तकं, प्रवास ८०,०००. पदवीनंतर काम जमेपर्यंतचे सहा महिने धरले, त्याचे ९८,४००. हे सहा महिने बहुतेक जण विसरतात आणि मग पदवी हातात पडताच मिळेल ती नोकरी धरावी लागते. अडीअडचणीला १,५०,०००. एकूण ७,२२,०००. शिल्लक होती ४,१०,०००. पीएफला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी रक्कम, त्यांनी धरलीच नव्हती. मूळ पगार २३,०००, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि पुन्हा १७ वर्षांनी गुणायचं: सुमारे २,२५,०००. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी आधीच घ्यायची. पहिले ३० दिवस अपघात सोडून सहसा काहीच मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, तेही विचारायचं.

कागद जुळत आला तेव्हा पत्नी म्हणाल्या, “ओंकार यंदा दहावीत आहे. यांची दोन वर्षं म्हणजे त्याची अकरावी-बारावी. त्याच्या क्लासचे १,४०,००० कुठे लिहिलेत?” लिहिले नव्हते. थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, “घरी आल्यावर मला हे एक शब्द विचारत नाहीत. आणि लोकांचं ऐकायला निघालेत.”

सुनील यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती भेट तिथेच वाढवली. उरलेला पाऊण तास पैशांवर न जाता याच वाक्यावर गेला आणि तो जायलाच हवा होता. दुसरा माणूस दोन वर्षं घर ओढणार असेल तर त्याचा होकार मनापासूनचा लागतो. नाहीतर तिसऱ्या सत्रात, प्रोजेक्टच्या धांदलीत, घरातली कुरबुर वर येते आणि माणूस अर्ध्यावर सोडतो.

नवा आकडा ८,६२,०००. शिल्लक आणि ग्रॅच्युइटी मिळून हाताशी ६,३५,०००. उरलेले २,२७,००० जमवायला महिन्याला १९,००० असे बारा महिने. म्हणून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला, राजीनामाही. त्या वर्षात पुस्तकं, प्रवेशपरीक्षेचा सराव आणि दर रविवारचा वृद्धाश्रम चालू ठेवायचं ठरलं. ओंकारची अकरावी तोवर पार पडेल.

चार महिन्यांनी पुन्हा वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. चेकशीट तीच. सल्ले: २. ‘का?’: १. वाक्य तोडणं: १. शांततेच्या रकान्यात तीन उभ्या रेघा होत्या आणि शेवटच्या रेघेसमोर पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘१४ सेकंद. त्यानंतर तो स्वतःहून वडिलांबद्दल बोलला.’