पोलीस प्रयोगशाळेत येतील तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जीवाणूंच्या साहाय्याने गुन्ह्याचा माग काढण्याच्या कामात उतरायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. ‘मला गुन्हेगार शोधायला मदत करायची आहे’ असं तू लिहिलंयस. त्या वाक्यावर मात्र मी अडले, म्हणून हे पत्र.

2001 चं अमेरिकेतलं अँथ्रॅक्स प्रकरण मुळापासून वाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतून काही वृत्तसंस्थांना आणि दोन सिनेटरांना टपालाने अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जीवाणूंची भुकटी गेली. 22 जणांना बाधा झाली, 5 दगावले. त्यात टपालखात्याचे दोन कर्मचारी होते, ज्यांचा या पत्रांशी संबंध एवढाच की ती त्यांच्या केंद्रातून गेली. जानेवारी 2002 मध्ये एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेने, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या सुमारे 40,000 सभासदांना पत्र पाठवून मदत मागितली. तुमच्यापैकी कुणीतरी या माणसाला ओळखत असण्याची दाट शक्यता आहे, असा त्याचा आशय होता.

असं पत्र आपल्या हातात पडलं तर काय होईल? शेजारच्या टेबलावरचा अबोल, तिरसट सहकारी लगेच डोळ्यांपुढे येईल. तिथेच सावध हो. कुणाच्या स्वभावावरून संशय घेणं हे आपलं शास्त्र नाही. स्टीव्हन हॅटफिल या शास्त्रज्ञावर याच प्रकरणात कित्येक वर्षं संशयाचं सावट होतं, जगापुढे नाव जाहीर झालं, आणि शेवटी 2008 मध्ये सरकारला भरपाईची तडजोड करावी लागली. ती वर्षं त्याला कोण परत देणार?

तपास खरा पुढे सरकला तो प्लेटवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या चपट्या बशीत. फोर्ट डेट्रिकच्या लष्करी संस्थेत टेरी अ‍ॅबशायर या तंत्रज्ञ बाईंनी पत्रांतल्या जीवाणूंच्या प्लेट नेहमीपेक्षा जास्त वेळ उबवणपेटीत राहू दिल्या. एरवी एकसारख्या दिसणाऱ्या वसाहतींमध्ये, म्हणजे जीवाणूंच्या ठिपक्यांमध्ये, थोड्या वेगळ्याच दिसल्या: रंग निराळा, पोत निराळा. दुसरं कुणी ‘दूषित झालंय’ म्हणून फेकून दिलं असतं. बाईंनी नोंद केली. त्या वेगळेपणामागचे जनुकीय बदल शोधले गेले, त्यांतल्या चारांच्या चाचण्या तयार झाल्या आणि हजाराहून जास्त नमुने तपासले. चारही बदल फक्त आठ नमुन्यांत सापडले. एफबीआयच्या मते त्या आठांचं मूळ एकच होतं: फोर्ट डेट्रिकमधला, ब्रूस आयव्हिन्स यांच्या ताब्यातला एक फ्लास्क. हे आयव्हिन्स सुरुवातीला तपासाला मदत करणाऱ्यांपैकीच एक!

आता नमुन्याचं ऐक. फेब्रुवारी 2002 मध्ये आयव्हिन्स यांनी त्या फ्लास्कमधून तपासासाठी दिलेला नमुना ठरवून दिलेल्या पद्धतीने तयार केलेला नव्हता, म्हणून एफबीआयच्या संग्रहाने तो नाकारला. एप्रिलमध्ये दिलेल्या दुसऱ्या नमुन्यात ते बदल आढळले नाहीत. पण पहिल्या नमुन्याचीच दुसरी नळी अ‍ॅरिझोनात पॉल काइम यांच्या प्रयोगशाळेत सांभाळून ठेवलेली होती. काही वर्षांनी ती तपासली, तेव्हा बदल सापडले. मला या साऱ्या कथेत ती शीतपेटीतली नळी सगळ्यात मोलाची वाटते.

लेबलाचा हलगर्जीपणा काय करतो तेही याच प्रकरणात आहे. पत्रांतल्या जीवाणूचा हा वाण 1981 मध्ये टेक्सासमधल्या मेलेल्या गाईतून मिळाला होता, पण पार्सलवरच्या पत्त्याच्या घोळामुळे त्याला आयोवातल्या ‘एम्स’ गावाचं नाव चिकटलं. आणि ऑक्टोबर 2001 मध्ये आयोवातल्या विद्यापीठाने आपला जुना अँथ्रॅक्स-संग्रह नष्ट करून टाकला. गेलेलं पुन्हा तपासता येत नाही. तुझ्या हातून कधीही, कुणीही सांगितलं तरी, लेखी हुकमाशिवाय आणि त्याच नमुन्याचा दुसरा भाग राखून ठेवल्याशिवाय काही नष्ट होऊ देऊ नकोस.

एक गोष्ट तुला जड जाईल. आयव्हिन्स यांचा 2008 मध्ये, आरोपपत्राआधीच मृत्यू झाला. पुरावा न्यायालयात कधी तपासलाच गेला नाही. त्या फ्लास्कपर्यंत शंभराहून जास्त जणांचा हात पोहोचत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने 2011 मध्ये सांगितलं की, केवळ विज्ञानाच्या आधारे जीवाणूंच्या उगमाबद्दल निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. तपास अधिकारी तुला विचारतील, ‘मॅडम, हाच का?’ तेव्हा सांग, ‘नमुना या फ्लास्कशी जुळतो. पाकिटात भुकटी कुणी भरली, ते प्लेट सांगत नाही.’ ते नाराज होतील, वरिष्ठ दबाव आणतील. तरी एक शब्द वाढवू नकोस. आणि त्या नमुन्याशी, त्या माणसाशी तुझा आधी काही संबंध आला असेल तर तो पहिल्याच दिवशी लिहून दे.

दिवाळीत घरी येशील तेव्हा तुझी प्रयोगवही घेऊन ये. तारखा आणि खाडाखोड मला बघायची आहे.

तुझी,
बाई