रिपोर्टमध्ये 'एक्सवाय' आलंय, म्हणजे ती मुलगा का?

मुलगी १७ वर्षांची, पाळी अजून आलेली नाही. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं नाही म्हणून डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी करायला लावली. आई रिपोर्ट घेऊन आली तेव्हा '४६, एक्सवाय' (एकूण ४६ गुणसूत्रं, त्यांत सहसा मुलग्यांत दिसणारी एक्स-वाय जोडी) याभोवती पेनानं इतके गोल मारले होते, की कागद फाटायला आला होता. मुलीला बाहेर बसवून तिनं विचारलं, "मॅडम, म्हणजे माझी मुलगी मुलगा आहे का हो?"

"नाही," मी म्हणाले. मग शास्त्र सांगायला घेतलं. नुसत्या धीरानं रात्री झोप लागत नाही.

गर्भ सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी असा फरक दिसत नाही. पुढे सहसा वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकामुळे वृषण घडतात. हिच्यातही घडले, शरीराच्या आतच राहिले, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही बनवू लागले. पण ते ओळखणारी पेशींमधली यंत्रणाच चालत नव्हती. निरोप दाराशी आला, दार उघडलंच नाही. म्हणून बाहेरून शरीर मुलीचं झालं. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक होऊन छातीही वाढली. गर्भाशय तेवढं वृषणांच्याच दुसऱ्या एका संप्रेरकानं होऊ दिलं नाही. याला अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पुरुषी संप्रेरकांना शरीरानं दाद न देणं, म्हणतात. स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला १९८५ मध्ये यावरूनच स्पर्धेतून बाद केलं होतं. ती भांडली, १९८८ मध्ये तिला पुन्हा परवानगी मिळाली. हे मात्र आईनं कान देऊन ऐकलं.

"पण तिला सांगायचं नाही ना?"

सांगायचं. पूर्वी डॉक्टरही लपवायचा सल्ला देत. मग अशा मुली मोठेपणी एखाद्या जुन्या फाइलमधून स्वतःबद्दल वाचत, आणि घरच्यांवरचा विश्वास उडे.

उलट बाजूचे पालकही येतात. मुलगा म्हणून वाढवलेलं मूल 'मी मुलगी आहे' म्हणतं, आणि ते हार्मोन तपासून आणतात. बहुतेकदा सगळं नॉर्मल! माणूस स्वतःला कोण समजतो, हे सांगणारी रक्ततपासणी नसते.

मुलीला आत बोलावलं. स्वतःच्या पोटी मूल होणार नाही, हे तिला स्पष्टच सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग तिनं आतले वृषण काढायच्या ऑपरेशनचं विचारलं. त्या ग्रंथींत कॅन्सरचा धोका थोडा असतो, पण वयात येईपर्यंत त्या उपयोगीच असतात. काढल्या तर हाडांसाठी इस्ट्रोजेन घ्यावं लागतं. तेव्हा घाई नको, म्हटलं.

"मग ठरवायचं कुणी?" तिनं आईकडे बघत विचारलं.

"तूच," आई म्हणाली. "मी सोबत येईन."